हात कापतो, ट्रायपॉड चालत नाही: कार्ल्याच्या चैत्यगृहासाठी छोटा कॅमेरा निवडताना

सर इतिहासाचे निवृत्त शिक्षक. वय सत्तरीच्या पुढे. निवृत्तीनंतर ब्राह्मी लिपी शिकले आणि तेव्हापासून लेण्यांमधले दानलेख हाच त्यांचा ध्यास. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर असे लेख आहेत. कुणी धेनुकाकट या गावचा यवन (ग्रीक), कुणी आणखी कुठला उपासक. ज्याने त्याने खांबाचा खर्च उचलला आणि आपलं नाव दगडात कोरून ठेवलं. ओसरीत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचा लेख आहे, हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं अभिमानाने सांगणारा. सरांना हे सगळे लेख आणि खांबांवरची शीर्षं, म्हणजे हत्तींवर बसलेली ती जोडपी, एका पद्धतीने टिपून ठेवायची आहेत. लेखांचे छापील ठसे त्यांच्याकडे आहेत. पण अक्षराच्या वळणावर छिन्नी कुठे थांबली आणि कुठून पुन्हा सुरू झाली, हे ठशात दिसत नाही. त्यांना ते हवं आहे.

अडचण हाताची. गेली काही वर्षं त्यांच्या हातांना कंप आहे. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. मोबाइलवर काढलेले फोटो उन्हात ठीक येतात, आत गेलं की दहातले आठ हललेले. शाळेतला त्यांचा विद्यार्थी आणि आता फोटोग्राफीवर पोट असलेला म्हणून त्यांनी मला फोन केला. म्हणाले, ‘‘अरे, चांगलं स्टॅबिलायझेशन असलेला, शबनममध्ये मावेल असा कॅमेरा सांग. सत्तर हजारांच्या वर जायचं नाही.’’

प्रश्न साधा दिसतो. हात हलतो, तर हात सावरणारा कॅमेरा घ्यावा. प्रत्यक्षात स्टॅबिलायझेशनच्या आकड्याने हा प्रश्न सुटला नाही. तो कशाने सुटला ते इथे सविस्तर लिहितो आहे. वयस्क, हात कापणारी आणि अंधाऱ्या जागी फोटो काढू पाहणारी माणसं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि दुकानात त्यांना सरसकट एकच उत्तर मिळतं.

जागा काय मागते

पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते. ती काढता येते, पण सरांना सुचेल तेव्हा सकाळी लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसायचं असतं. शिवाय बाहेरच एकवीरेचं देऊळ. गर्दीच्या दिवशी चैत्यगृहातही माणसांचा ओघ असतो, तिथे तीन पाय पसरून उभं राहणं कुणालाच सोयीचं नाही.

फ्लॅशचा मार्ग मला सुरुवातीपासूनच नको होता. कोरलेलं अक्षर दिसतं ते खाचेत पडलेल्या सावलीमुळे. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की सावलीच मरते आणि लेख सपाट होतो. पुढे सरांना अजिंठ्यालाही जायचं आहे, आणि तिथल्या चित्रांसमोर फ्लॅशला बंदीच आहे.

आता उजेड. कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर घोड्याच्या नालाच्या आकाराचं मोठं गवाक्ष आहे. त्यातून येणारा प्रकाश मधल्या दालनातून थेट स्तूपापर्यंत जातो. मधल्या दालनात उभं राहिलं तर काम भागतं. पण खांबांच्या मागे, प्रदक्षिणेच्या अरुंद वाटेत, अंधारच. मी माझा कॅमेरा घेऊन मुद्दाम मोजून आलो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं उजेड आत घेणारं भोक, एफ/२.८ धरलं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) तर शटर १/८ सेकंदापर्यंत खाली येत होतं. हा १/८ चा आकडा या प्रकरणाचा पाया आहे. जो कॅमेरा सरांच्या हातात १/८ ला वाचता येईल असं अक्षर देईल, तोच घ्यायचा.

एक गोष्ट आपल्या बाजूची होती. दगड हलत नाही. स्टॅबिलायझेशन फक्त आपल्या हाताची हालचाल सावरतं, समोरच्या माणसाची किंवा पक्ष्याची नाही. नाचणाऱ्या नातीचे फोटो काढायचे असते तर मी स्टॅबिलायझेशनचा विचार बाजूला ठेवून आधी मोठ्या अ‍ॅपर्चरची लेन्स आणि मोठा सेन्सर (चित्र टिपणारा भाग) शोधला असता. इथे विषय दोन हजार वर्षं जागेवर उभा आहे. त्यामुळे स्टॅबिलायझेशनचा पूर्ण फायदा घेता येणार होता.

सरांचा हात मोजला

कॅमेऱ्याच्या आधी हात पाहायचा, हे मी ठरवलं होतं. सरांच्या घरी भिंतीवर वर्तमानपत्रातलं छोट्या जाहिरातींचं पान चिकटवलं. पडदे ओढले. माझ्या कॅमेऱ्यावर ७५ मिमीच्या आसपासचा झूम ठेवला (हा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ, तो जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), स्टॅबिलायझेशन बंद केलं आणि शटर एकेक पायरी उतरवत सरांना फोटो काढायला लावले. निकष सोपा: स्क्रीनवर मोठं करून जाहिरातीतला फोन नंबर वाचता आला तर पास.

फोटोग्राफरांचा जुना ठोकताळा असा की हातात धरून फोटो काढताना शटर किमान ‘एक भागिले फोकल लेंग्थ’ असावं. ७५ मिमीला १/८०. माझ्या सरावाच्या हाताने १/६० ला बहुतेक फोटो पास होत होते. सरांना तेवढ्याच यशासाठी १/२५० लागलं. म्हणजे दोन स्टॉपांचा फरक. स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मं. १/२५० वरून १/१२५ हा एक स्टॉप, तिथून १/६० हा दुसरा.

खोक्यावर जे ‘४ स्टॉप’, ‘६ स्टॉप’ लिहिलेलं असतं ते या भाषेतच. पण हे आकडे सहसा सिपा या जपानी उद्योग संघटनेच्या पद्धतीने काढलेले असतात. त्यात कॅमेरा हलणाऱ्या मंचावर बसवतात आणि सर्वसाधारण हाताच्या थरथरीवरून तयार केलेल्या ठरावीक लहरींनी तो मंच हलवतात. पद्धत चांगली आहे, दोन कॅमेऱ्यांची तुलना तिच्यामुळे न्याय्य होते. पण मंचाला सरांचा आजार नाही.

निरोगी हातालाही सूक्ष्म कंप असतोच, साधारण सेकंदाला ८ ते १२ वेळा. तो इतका बारीक असतो की आपल्याला जाणवत नाही. सरांना जो आहे त्याला डॉक्टर एसेन्शियल ट्रेमर म्हणतात. कंपवाताहून तो वेगळा. कंपवातात हात स्वस्थ पडलेला असतानाही कापतो; सरांचा हात मांडीवर असताना शांत असतो आणि काहीतरी धरून पुढे केला की थरथरायला लागतो. नेमकी कॅमेरा धरण्याची अवस्था! यात कंपाचा वेग सेकंदाला ४ ते १२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, मात्र झोका मोठा असतो.

हा मोठा झोका महत्त्वाचा. कॅमेऱ्यातले जायरो हालचाल ओळखतात आणि लेन्समधलं एक भिंग, किंवा काही कॅमेऱ्यांत खुद्द सेन्सर, उलट दिशेने सरकवतात. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन चालणारी बाई अंग हललं तरी मान जशी सावरते, तसंच हे. पण भिंगाला सरकायला जागा मोजकीच. झोका त्या मर्यादेबाहेर गेला की भिंग कडेला टेकतं आणि उरलेली हालचाल फोटोत उतरते. म्हणून चार स्टॉपांचं स्टॅबिलायझेशन सुरू केल्यावर सरांचं १/२५० कागदावर १/१५ पर्यंत यायला हवं होतं, प्रत्यक्षात भरवशाचं १/३० मिळालं. १/१५ ला कधी जमे, कधी नाही.

हिशेब समोर आला. लागतं १/८, मिळतं १/३०. दोन स्टॉप कमी. ‘आणखी चांगलं स्टॅबिलायझेशन’ शोधत बसलं असतं तर हे दोन स्टॉप मिळाले नसते, कारण अडचण कंपाच्या आकाराची होती. कंपाचा झोकाच लहान करायला हवा होता, आणि उजेड आत येण्याची वाट मोठी.

नावात स्टॅबिलायझेशन, फोटोत नाही

उमेदवारांकडे वळण्याआधी एक सापळा सांगायलाच हवा, कारण आजकाल दुकानात जाणारे निम्मे लोक त्यात अडकतात. छोटे कॅमेरे आता व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनतात. त्यातल्या अनेकांचं स्टॅबिलायझेशन इलेक्ट्रॉनिक असतं: चित्राच्या कडा कापून, एका फ्रेमला दुसरीशी जुळवून व्हिडिओ स्थिर केला जातो. व्हिडिओसाठी ते कामाचं आहे. फोटोसाठी शून्य. एकाच फोटोत शटर उघडं असताना हात हलला, तर जो डाग उमटायचा तो उमटला. नंतर कडा कापून तो जात नाही.

सोनीच्या झेडव्ही मालिकेत हे अगदी उघड दिसतं. २०२० च्या झेडव्ही-१ मध्ये भिंग हलवणारं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आहे. पुढे आलेल्या झेडव्ही-१एफ आणि झेडव्ही-१ मार्क २ मध्ये ते नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक आहे. नाव तेच, आकार जवळपास तोच, आणि ‘मार्क २’ म्हटलं की माणूस गृहीत धरतो की आधीच्यापेक्षा सगळंच चांगलं असेल. सरांना एका विक्रेत्याने हाच दाखवला होता, ‘‘काका, स्टॅबिलायझेशन एकदम मस्त’’ म्हणून. तो खोटं बोलत नव्हता. चालत बोलणाऱ्या माणसाच्या व्हिडिओसाठी ते मस्तच असेल. म्हणून विचारताना नेमकं विचारा: फोटोसाठी ऑप्टिकल किंवा सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन आहे का?

यादीत कोण होतं

मोठ्या झूमचा, स्वस्त कॅमेरा पहिल्यांदा. कॅनन एसएक्स७४० एचएस, २४ ते ९६० मिमी, वजन तीनशे ग्रॅमच्या आत. सरांना तो फार आवडला होता, कारण खालून उभं राहून शीर्षावरच्या जोडप्याचे दागिने मोजता आले असते. उन्हात आले असतेही. पण लेन्स रुंद बाजूला एफ/३.३ पासून सुरू होते आणि पूर्ण झूमला एफ/६.९ वर जाते. एफ/२.८ आणि एफ/६.९ यांत अडीच स्टॉपांहून जास्त अंतर आहे. त्यात सेन्सर लहान, चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांत असतो त्या ‘एक इंची’ सेन्सरच्या सुमारे चौथ्या हिश्शाचा, म्हणजे आणखी दोन स्टॉप. बेरीज साडेचारच्या घरात. स्टॅबिलायझेशनने जे कमावलं ते लेन्स आणि सेन्सरने आधीच खर्चून टाकलेलं. अंधारात मोठा झूम घेऊ नका असं मी कुणालाही बिनदिक्कत सांगतो.

रिको जीआर ३ माझ्या स्वतःच्या आवडीचा. ऊस-कापसाच्या शेतात, बाजारात, गल्लीत इतका हलका आणि इतका चांगला कॅमेरा दुसरा नाही. २०१९ च्या या मॉडेलमध्ये सेन्सर हलवणारं चार स्टॉपांचं स्टॅबिलायझेशन आलं, आणि सेन्सर मोठ्या कॅमेऱ्यांचा, एपीएस-सी. पण लेन्स एकच, २८ मिमी, झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही, वजन २५७ ग्रॅम. हलका असणं हा इथे दोष ठरला. कापणाऱ्या हातात हलकी वस्तू जास्त नाचते, थोडं वजन कंपाला दाबतं. फुजीफिल्मचा २०२४ चा एक्स१०० सिक्स पाहा: मालिकेत पहिल्यांदाच सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन, तेही सहा स्टॉपांचं, एफ/२ ची लेन्स, डोळा लावायला उत्तम व्ह्यूफाइंडर, ५२१ ग्रॅम. पैशांचा प्रश्न नसता तर मी चर्चा इथेच थांबवली असती, झूम नसतानाही. पण किंमत दीड लाखाच्या पुढे. नाव काढून टाकलं.

कॅनन जी७ एक्स मार्क ३ वर आम्ही बराच वेळ घालवला. २४ ते १०० मिमी, एफ/१.८ ते २.८, चार स्टॉप. कागदावर याच्याइतका जुळणारा दुसरा नव्हता. पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. स्क्रीन बघत फोटो काढायचा म्हणजे दोन्ही हात पुढे, कोपरं हवेत. सरांनी तो पुढे धरला आणि स्क्रीनवरचं चित्र सरळ थरथरताना दिसत होतं. तोच हात, डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्यावर, कपाळाला टेकवून आणि कोपरं बरगड्यांना चिकटवून धरला की कंप नजरेला दिसण्याइतका कमी झाला. व्ह्यूफाइंडर इथे चैन नव्हती, ती तिसरी टेकण होती. ज्याचा हात कापतो त्याने छोटा कॅमेरा निवडताना सगळ्यात आधी हे पाहावं असं माझं स्पष्ट मत आहे. कॅमेरा बनवणाऱ्यांनी छोट्या कॅमेऱ्यांतून व्ह्यूफाइंडर काढून टाकायचा जो सपाटा लावला आहे, त्यात अशा माणसांचा विचार कुणी केलेला दिसत नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग राहिले दोन. सोनी आरएक्स१०० मार्क ७ आणि पॅनासॉनिक ल्युमिक्स एलएक्स१०० मार्क २.

सोनीचा २४ ते २०० मिमी झूम म्हणजे शीर्षांसाठी वरदान, आणि व्ह्यूफाइंडर खटका दाबला की वर येतो. याच मालिकेतल्या जुन्या मार्क ३ मध्ये तो वर आल्यावर डोळ्याकडची काच बोटांनी वेगळी ओढावी लागते. सरांच्या बोटांना ते जमेना, म्हणून स्वस्तात मिळणारा तो जुना पर्याय बाद झाला होता. मार्क ७ ची अडचण दुसरी. ७० मिमीच्या आसपास त्याची लेन्स एफ/४ च्या घरात असते, आणि २०० ला एफ/४.५. शिवाय बटणं अगदी बारीक. नवा बजेटबाहेर, वापरलेला ओढाताण करून.

एलएक्स१०० मार्क २ ची लेन्स २४ ते ७५ मिमी, एफ/१.७ ते २.८. म्हणजे ७५ ला सोनीपेक्षा एक पूर्ण स्टॉप जास्त उजेड. सेन्सरही एक इंचीपेक्षा मोठा, मायक्रो फोर थर्ड्सचा, त्यातला काही भाग वापरणारा. व्ह्यूफाइंडर कायम जागेवर, उघडायची भानगड नाही. वजन ३९२ ग्रॅम. अ‍ॅपर्चर बदलायला लेन्सभोवती कडं, शटरला वर चकती. सरांनी जुन्या फिल्मच्या कॅमेऱ्यावर हात घासलेला, त्यांना मेनूत शिरावंच लागलं नाही. आणि यात अंगचा फ्लॅश नाही, छोटा वेगळा येतो. तो घरी ठेवला की अजिंठ्याच्या चित्रासमोर चुकून फ्लॅश उडण्याची भीतीच संपली.

मोबाइलचं काय, असं कुणीही विचारेल. रास्त प्रश्न आहे. आजचे चांगले फोन अंधारात एकामागोमाग अनेक फ्रेम घेऊन त्या जुळवतात, आणि स्थिर विषयावर ते काम अप्रतिम होतं. पूर्ण दालनाचा रुंद फोटो सरांच्या फोनवर माझ्या अपेक्षेपेक्षा चांगला आला, तो आजही फोनवरच काढायचा असं ठरलं. पण लेखाच्या फोटोत फोनने दगडाचा खडबडीतपणा गुळगुळीत केला आणि अक्षराच्या कडा स्वतःच्या बुद्धीने ठळक केल्या. दिसायला सुंदर. पण रेघ छिन्नीची की फोनची, हे कळेना. ज्याला ‘प’ आणि ‘ह’ मधला फरक एका वळणावरून ठरवायचा आहे, त्याला असा फोटो चालत नाही. त्याला सेन्सरने जसं पाहिलं तसं, रॉ फाइलमध्ये, हवं.

वापरलेला घेताना

एलएक्स१०० मार्क २ हे २०१८ चं मॉडेल. वापरलेला घेतला, पुण्यात, समोर बसून, तपासून. तीन गोष्टी पाहिल्या. पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ/१६ ला काढला आणि मोठा करून पाहिला. सेन्सरवर धूळ असेल तर राखाडी ठिपके दिसतात. लेन्स आतबाहेर होताना अडखळत नाही ना, ते ऐकलं. आणि स्टॅबिलायझेशन: ७५ मिमीला ठेवून शटर अर्धं दाबलं, एकदा चालू, एकदा बंद. चालू असताना व्ह्यूफाइंडरमधलं चित्र जड झाल्यासारखं थांबतं. तसं थांबलं नाही किंवा उडी मारू लागलं तर समजायचं की भिंगाची यंत्रणा पडण्या-आपटण्यात बिघडली आहे. कॅमेरा बंद असताना हलवला तर आत हलकं खुळखुळल्यासारखं वाटू शकतं. तरंगतं भिंग असलेल्या अनेक लेन्समध्ये असं होतं, घाबरू नये.

सत्तर हजारांतून पैसे उरले. त्यात दुसरी बॅटरी आणि मनगटाचा रुंद पट्टा घेतला.

कार्ल्यात

१/८ चा हिशेब एफ/२.८ धरूनच केला होता, आणि ही लेन्स ७५ ला तेवढीच उघडते. कमी पडणारे दोन स्टॉप सरांच्या उभं राहण्याच्या पद्धतीतून आणि फोटो काढण्याच्या सवयीतून यायचे होते.

पाठ समोरच्या भिंतीला किंवा शेजारच्या खांबाला टेकवायची, पण कोरीवकाम असेल तिथे अजिबात नाही. कोपरं बरगड्यांना. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडचा जो पाव इंची आटा असतो, त्यात एक बोल्ट बसवून त्याला सुती दोरी बांधली. दोरीचं दुसरं टोक बुटाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ताणून धरायचा. ताण आला की कंपाचा वर-खाली झोका मरतो. दोरी वापरण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवून विचारलं. त्याची हरकत नव्हती.

शटर दाबण्याचाच धक्का सरांच्या हाताला सगळ्यात जास्त बसत होता. आधी दोन सेकंदांचा टायमर लावून पाहिला. धक्का गेला, पण दोन सेकंद हात रोखून धरायच्या ताणाने कंप वाढू लागला. मग बर्स्ट लावला: बटण दाबून ठेवायचं, पाच-सहा फ्रेम होऊ द्यायच्या. पहिल्या फ्रेममध्ये दाबण्याचा धक्का असतो, शेवटच्या फ्रेममध्ये सोडण्याचा. मधल्यातली एखादी स्वच्छ निघते. याला कारण आहे. कंपाचा झोका कायम सारखा नसतो, कधी मोठा, कधी लहान. बऱ्याच फ्रेम घेतल्या की एखादी लहान झोक्यावर पडण्याची शक्यता वाढते. याच कॅमेऱ्यात सेकंदाला तीस फ्रेमांचा ‘४के फोटो’ आहे आणि तो या कामासाठीच केला आहे असं वाटतं. पण त्यात शटर १/३० पेक्षा खाली जात नाही, आणि फाइल ८ मेगापिक्सेलची जेपेग. ओसरीतल्या उजेडात तो वापरला. आतल्या वाटेत तो बिनकामाचा.

पायथ्याशी चहा घेतला नाही. कॅफिनने कंप वाढू शकतो, हे सरांना डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि स्वतःच्या अनुभवानेही माहीत होतं. चहा उतरल्यावर.

एफ/२.८, आयएसओ १६००, १/८ सेकंद. मधल्या खांबांपैकी एकावरचा दानलेख पहिल्यांदा घेतला. बर्स्टमधल्या दोन फ्रेममध्ये अक्षरं वाचता आली. सरांनी तिथेच स्क्रीन मोठी करून एकेक अक्षर बोटाने पुढे सरकवत वाचलं, ‘धेनुकाकटा’पर्यंत आले आणि म्हणाले, ‘‘हा ‘ध’ बघ. ठशात हा बंद दिसतो. इथे पोट उघडं आहे.’’ त्यांना हवं होतं ते हेच.

त्यानंतर जे उमगलं त्याने पुढच्या लेखांचं काम फारच सोपं झालं. सरांबरोबर त्यांची सूनबाई आली होती. तिने छोटी एलईडी विजेरी बाजूने, खांबाला जवळजवळ समांतर धरली. पुन्हा विचारूनच. तिरक्या उजेडात खाचा एकदम उठून आल्या आणि शटर १/८ वरून १/३० वर चढलं, जिथे सरांचा हात भरवशाचा आहे. लेखांपुरता सगळ्यात मोठा फायदा या विजेरीने दिला, हे मी मान्य करतो. पण तिचा उपयोग हात पोचेल तिथवर. वर शीर्षांपर्यंत तिचा उजेड विखुरतो. तिथे पुन्हा लेन्स, स्टॅबिलायझेशन आणि दोरी यांच्यावरच भिस्त.

शीर्षांचे फोटो ७५ ला काढून नंतर कापले. १७ मेगापिक्सेलमधून निम्मा भाग कापला तरी हत्तीची सोंड, जोडप्याच्या हातातली कडी, शिरोभूषणं स्पष्ट राहतात. आयएसओ ३२०० पर्यंत नेलं तर दाणे दिसतात. रॉ फाइल नीट केली की नोंदीच्या कामाला चालतात. त्यापुढे मी सरांना जाऊ देत नाही, कारण दाणे आणि दगडाचा पोत यांची सरमिसळ होते, आणि मग फोनमध्ये जे नको होतं तेच इथे होतं.

अगदी जवळून, वीतभर अंतरावरून, एखादं अक्षर घ्यायला गेलं की मात्र स्टॅबिलायझेशन हात वर करतं. जायरोला कॅमेऱ्याचं वळणं कळतं. कॅमेरा संपूर्ण बाजूला सरकला तर ते त्याला दिसत नाही. लांबून त्या सरकण्याने काही बिघडत नाही, वीतभर अंतरावरून सगळं बिघडतं. म्हणून सर आता दोन हात मागे उभे राहतात आणि झूम करतात.

स्तूपाच्या माथ्यावरची लाकडी छत्री बाकी आहे. मूळची, इतक्या शतकांनंतरही उभी, आणि तिच्या खालच्या बाजूला कोरीवकाम आहे. ७५ मिमीला ती फार लहान येते, कापून मोठी केली तर नक्षी विरघळते. तिथे सोनीचे २०० मिमी उपयोगी पडले असते. निवड करतानाच सरांना हे सांगितलं होतं: खांब आणि लेख हवे असतील तर छत्री सोडावी लागेल. त्यांनी खांब घेतले. छत्रीसाठी ते रीतसर ट्रायपॉडच्या परवानगीचा अर्ज करणार आहेत, आणि त्या दिवशी माझी मोठी लेन्स घेऊन मी बरोबर जाणार आहे.